अडीच मिलिमीटरचा मामला

सर्किट चालेना की नवशिका आधी प्रोग्रॅम उघडतो, मग चिपवर संशय घेतो. मुरलेला माणूस काही न बोलता एकेक वायर बोटानं हलवून बघतो आणि पुष्कळदा एलईडी तिथंच लुकलुकतो. हौशी इलेक्ट्रॉनिक्समधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे वायरीच्या टोकाचा कनेक्टर. सेन्सर कुठला घ्यायचा यावर आपण तासन् तास खल करतो, कनेक्टर मात्र दुकानदार देईल तो घेतो. माझं ठाम मत आहे की थोडा खल याच्यावरही व्हायला हवा. या चिमुकल्या तुकड्यांची गोष्टही तशीच मजेदार आहे.

इंच गेला, पिनांत उरला

१९५६ साली कायदा करून आपण मेट्रिक मापं स्वीकारली. शेर आणि मण गेले, इंचही बराचसा गेला. पण बर्ग स्ट्रिपच्या, म्हणजे बोर्डवरच्या पिनांच्या पट्टीच्या, दोन पिनांमधलं अंतर आजही एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीत दोन्ही बाजूंना पाय असलेली चिप तयार झाली, तेव्हा तिच्या पायांत हेच अंतर ठेवलं गेलं. मग चिपचं सॉकेट, त्याखालचा बोर्ड, ब्रेडबोर्डची भोकं, सगळी त्याच मापानं पाडली गेली. आणि हे २.५४ 'जवळपास' नाही, अगदी नेमकं आहे. इंग्रजी भाषक देशांनी १९५९ साली एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, असा करारच करून टाकला.

घोळ होतो तो जपानी कनेक्टरांपाशी. जेएसटी कंपनीच्या एक्सएच मालिकेत पिनांमधलं अंतर आहे बरोब्बर अडीच मिलिमीटर. फरक ०.०४ चा, डोळ्याला दिसतही नाही. दोन-तीन पिनांचा एक्सएच त्यामुळे २.५४च्या बोर्डवर खुशाल बसतो. पण दहा पिनांचा घ्या: नऊ अंतरांत मिळून ०.३६ मिलिमीटरची चूक साचते. पिनेची जाडीच जेमतेम ०.६४, तेव्हा शेवटची पिन भोकाशी जुळत नाही. 'दोनाचा बसला, मग दहाचाही बसेल' हा हिशेब इथं चालत नाही.

बर्ग म्हणा नाहीतर ड्यूपॉन्ट

आपल्याकडे पिनांच्या पट्टीला दुकानात 'बर्ग' म्हणतात. परदेशी मालाच्या याद्यांत हेच कुटुंब 'ड्यूपॉन्ट' नावानं सापडतं. दोन्ही नावं एकाच घरातली आहेत. बर्ग इलेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकी कंपनी ड्यूपॉन्टनं १९७२ साली विकत घेतली आणि १९९३ साली विकून टाकली. १९९८ मध्ये ती फ्रान्सच्या फ्रामाटोमकडे गेली आणि २०१६ साली अँफेनॉलच्या पदरात पडली. ड्यूपॉन्टनं हा धंदा सोडल्याला तीस वर्षं उलटली, तरी जगभरची पोरं अजून ड्यूपॉन्ट वायरी मागतात.

'मोलेक्स'चंही असंच. जुन्या संगणकात हार्ड डिस्कला वीज देणारा तो चार पिनांचा पांढरा कनेक्टर सगळे मोलेक्स म्हणून ओळखतात, पण तो एएमपी या दुसऱ्याच कंपनीनं १९६३ साली काढला. मोलेक्स कंपनी त्याहून जुनी, १९३८ सालची, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली. मोलेक्स हे मुळात त्यांच्या प्लॅस्टिकचं नाव होतं आणि सुरुवातीला त्यापासून फुलझाडांच्या कुंड्या बनायच्या.

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाणाऱ्याला मात्र आणखी एक शब्द पाठ हवा: रिलिमेट. पांढरं प्लॅस्टिकचं घर, पाठीला उभी पट्टी, एकाच बाजूनं बसणारं, २.५४चंच.

"दादा, चार पिनचं रिलिमेट द्या."
"मेल का फिमेल? वायरवालं का नुसतं?"

या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असली की पाच मिनिटांत काम होतं. वायरवालं म्हणजे वायरीच्या एका टोकाला धातूचं टर्मिनल दाबून, घरात बसवून तयार. दुसरं टोक मोकळं. ज्याच्याकडे टर्मिनल दाबायची क्रिंपिंगची पकड नाही, त्यानं डोळे झाकून हेच घ्यावं. आणि नमुना सोबत न्यावा. मापाबद्दल तोंडी बोलण्यापेक्षा जुना कनेक्टर काउंटरवर ठेवणं केव्हाही बरं. (लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. उतरायचं ग्रँट रोड स्टेशनला, आणि रविवारी जायचं नाही.)

जेएसटी द्या! कुठला?

'जेएसटी कनेक्टर' अशी मागणी करणं म्हणजे चपलेच्या दुकानात जाऊन नंबर न सांगता जोडी मागणं. १९५७ सालची ही जपानी कंपनी शेकडो प्रकार बनवते. हौशी माणसाला त्यातले तीन ओळखता आले तरी पुरे. एक्सएच, अडीच मिलिमीटर, ३ अँपिअरपर्यंत. ड्रोनच्या बॅटरीतले सेल समान चार्ज करणारी पांढरी शेपटी बहुधा हीच. पीएच, दोन मिलिमीटर, २ अँपिअर. छोट्या लिथियम बॅटऱ्यांना लागतो. आणि एसएच, फक्त एक मिलिमीटर, १ अँपिअर.

एसएचचं नशीब २०१७ नंतर फळफळलं. स्पार्कफन या अमेरिकी कंपनीनं चार वायरींचा एसएच आपल्या 'क्विक' पद्धतीसाठी निवडला. काळी जमिनीची, लाल ३.३ व्होल्टची, निळी डेटाची, पिवळी घड्याळाच्या ठोक्यांची. एका सेन्सरमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ लावत जायची, सोल्डरचं काम शून्य. अडाफ्रूटच्या बोर्डांनीही तोच कनेक्टर आणि तोच क्रम उचलला, त्यामुळे दोन स्पर्धक कंपन्यांचे बोर्ड एका केबलीनं बिनबोभाट जोडता येतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शाळेतल्या मुलाला सोल्डरिंग आयर्न न देता सेन्सर शिकवायचा असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

लाल-काळ्याची उलटापालट

पीएचबाबत एक धोक्याची सूचना, आणि ही मोठ्यानं सांगायला हवी. कनेक्टर एकाच बाजूनं बसतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लाल वायर डाव्या खणात की उजव्या, याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. एका विक्रेत्याची बॅटरी दुसऱ्याच्या बोर्डला लावली की प्लग अगदी गोड बसतो आणि बोर्ड जळतो. नवी बॅटरी आली की आधी मल्टिमीटर लावायचा, बोर्डवरची अधिकची खूण बघायची, मगच जोडायची.

उलटी निघाली तर बॅटरी परत करायची गरज नाही. घराच्या एका अंगाला छोट्या खिडक्या असतात, त्यांतून टर्मिनलची पत्र्याची जीभ दिसते. शिवणाची बारीक सुई घेऊन ती जीभ हलकेच दाबायची आणि वायर मागे ओढायची, टर्मिनल अलगद बाहेर येतं. ते बाहेर आल्याबरोबर त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही टर्मिनलं एकाच वेळी उघडी राहून एकमेकांना टेकली तर लिथियम बॅटरी शॉर्ट होते, आणि तिथं गंमत संपते. जागा बदलून ढकलताना बारीक 'टक्' ऐकू आली की जीभ खिडकीत अडकली.

पकडीची करामत

आता या सगळ्याचा गाभा, म्हणजे क्रिंप. सोल्डर न वापरता नुसत्या दाबानं वायर आणि टर्मिनल एकजीव करायचं. १९४१ साली अंकस व्हिटेकर यांनी अमेरिकेत एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली ती याच कामासाठी. युद्धकाळात विमानं आणि जहाजं भराभर बांधायची होती आणि प्रत्येक सांध्याला सोल्डर लावत बसायला सवड नव्हती. कंपनीच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच वर आलेली एएमपी.

सुटं टर्मिनल भिंगाखाली धरा. पुढं पिनेला कवेत घेणारी चौकोनी नळी, मागं पंखांच्या दोन जोड्या. नळीकडची जोडी तांब्यासाठी, शेपटाकडची उंच जोडी वायरीच्या प्लॅस्टिकसाठी. पहिलीतून वीज जाते, दुसरी ओढाताण सोसते. वायरीचं प्लॅस्टिक दोन-अडीच मिलिमीटरच सोलायचं. तांबं पुढच्या पंखांच्या पलीकडे केसभर डोकावलं पाहिजे आणि प्लॅस्टिक दोन जोड्यांच्या मधल्या फटीत थांबलं पाहिजे. प्लॅस्टिक पुढच्या पंखांत सापडलं तर सांधा दिसायला झकास आणि वाहायला कच्चा.

पकड दाबली की पुढचे दोन पंख वर जातात, आत वळतात आणि तारांच्या जुडग्यात घुसतात. नीट झालेला क्रिंप आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर आतल्या तारा गोल राहिलेल्या नसतात. एकमेकींवर रेटल्या जाऊन त्यांना कोपरे आलेले असतात आणि मध्ये हवेला जागाच उरलेली नसते. हवा नाही, ओल नाही, म्हणून आतून गंज नाही. चांगला क्रिंप वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळे.

'वरून सोल्डरचा थेंब टाकला की आणखी पक्कं' हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो सोडून द्यावा. सोल्डर तारांमधून मागं चढतं, लवचिक वायर तेवढ्या लांबीत काडीसारखी ताठ होते आणि ताठपणा जिथं संपतो तिथंच तुटते. वायर आधी सोल्डरमध्ये बुडवून मग क्रिंप करणं तर त्याहून वाईट. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड सैल होते. नासाच्या वायरिंगच्या मानकात सोल्डर चढवलेली वायर क्रिंप करायला चक्क मनाई आहे.

हत्यार कुठलं? बर्गच्या टर्मिनलांसाठी रॅचेटवाली एसएन-२८बी ही पकड हौशी मंडळींत सर्वांत जास्त चालते. पुरता दाब बसल्याशिवाय रॅचेट सुटत नाही, म्हणून नवख्या हातालाही एकसारखे क्रिंप जमतात. पीएचसारख्या बारीक टर्मिनलांना ती भारी पडते. तिथं जपानी एंजिनिअर कंपनीची पीए-०९ कामाची: रॅचेट नाही, दोन्ही पंखजोड्या वेगवेगळ्या दाबायच्या, पण काम सुबक. साध्या नोज प्लायरनंही एकेक पंख वळवून भागतं, पण चार सांध्यांपुरतं. चाळीस करायचे असतील तर पकडच घ्या. तयार जंपर वायरींच्या गठ्ठ्यांवर पुन्हा पुन्हा पैसे घालण्यापेक्षा ही खरेदी शहाणपणाची.

७/३६, २३/७६

पेठेत वायर मागितली की दुकानदार अपूर्णांकात बोलतो. 'सात छत्तीस' म्हणजे ३६ गेजच्या सात तारांची वायर. हा गेज ब्रिटिश, एसडब्ल्यूजी. त्याची ३६ नंबरची तार ०.००७६ इंच जाडीची. 'तेवीस शहात्तर'मधला शहात्तर तोच: ०.००७६ मधले शेवटचे दोन आकडे. म्हणजे छत्तीस आणि शहात्तर ही एकाच तारेची दोन नावं.

कनेक्टरच्या माहितीपत्रकात मात्र अमेरिकी गेज असतो, एडब्ल्यूजी. दोघांची गाठ कशी घालायची? ३६ गेजच्या सात तारांचं क्षेत्रफळ ०.२०५ चौरस मिलिमीटर भरतं आणि २४ एडब्ल्यूजीचंही ०.२०५च. इतका सुरेख जुळलेला योग क्वचित सापडतो. '२४ एडब्ल्यूजी' लिहिलेलं दिसलं की बिनधास्त सात छत्तीस मागा. दोन्ही गेजांत आकडा वाढला की वायर बारीक होते. एडब्ल्यूजीत तीन आकडे वर गेलं की तांबं निम्मं झालं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

चुंबक खिशात असू द्या

स्वस्त जंपर वायरीला चुंबक लावून पाहा. चिकटली तर आत तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आहे. नाही चिकटली तरी ब्लेडनं एक तार खरवडा. आतून पांढरट निघाली तर ॲल्युमिनियमचा संशय घ्या. (वरून कल्हई केलेलं अस्सल तांबंही पांढरं दिसतं, पण ते खरवडल्यावर लालसर होतं.) अशी वायर सेन्सरच्या सिग्नलला चालून जाते. मोटर किंवा एलईडीची लांब पट्टी तिच्यावर लादू नये.

काढलं, लावलं, चाललं!

याला जादू नव्हे, धातुशास्त्र म्हणतात. स्वस्त पिनांवर कथिलाचा मुलामा असतो आणि कथिलावर ऑक्साइडचा कडक पण ठिसूळ थर चढतो. कनेक्टर बसवताना घासून तो थर फुटतो आणि खालचं ताजं कथिल भेटतं. म्हणून 'काढून परत लावलं आणि चाललं' हा अनुभव सगळ्यांना येतो. मात्र दर वेळी मुलामा थोडा झिजतो. कथिलाचे साधे कनेक्टर साधारण २५ ते ३० वेळा काढघाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, तर यूएसबी-सी दहा हजार वेळांसाठी. रोज काढायचं असेल तर सोन्याचा मुलामा घ्या, पण दोन्ही बाजूंना. सोन्याची पिन आणि कथिलाचं सॉकेट अशी जोडी लावली तर कंपनांनी घासून तिथं ऑक्साइडची पूड साचते. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात पिना कुरकुरायला लागल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे.

घरच्या घरी

विकतच हवं असं काही नाही. गोल पिनांची आयसी सॉकेट स्ट्रिप घ्या, हवे तेवढे खण मोडा, फिमेलसाठी शेपटीला, मेलसाठी भोकाला वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या भोकात फिट बसते, म्हणजे मेल आणि फिमेल दोन्ही एकाच पट्टीतून! पण त्या गोल भोकात बर्गची चौकोनी पिन घुसवू नका. ०.६४ मिलिमीटरची पिन आतली नाजूक स्प्रिंग कायमची फाकवते.

फिमेल बर्ग कापताना एक खण बळी द्यावाच लागतो. सहाचा तुकडा हवा असेल तर सातव्या खणातली धातूची पिन चिमट्यानं उपसून काढा, त्या रिकाम्या खणाच्या मधोमध कटर चालवा आणि कड कानशीनं घासा. खणांच्या सीमेवर कापायला गेलं की भिंत फुटून सहावाही जातो.

सोल्डर आणि पकड दोन्ही नको असतील तर वायर रॅपिंग आहे. बर्गच्या चौकोनी पिनेवर ३० एडब्ल्यूजीची बारीक वायर छोट्या हत्यारानं सात वेढे गुंडाळायची. पिनेला चार धारदार कडा, वेढे सात: अठ्ठावीस ठिकाणी कड तांब्यात रुतते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या संगणकाचं वायरिंग असंच गुंडाळलेलं होतं.

हीट श्रिंकची नळी गरम झाल्यावर आकसते ती मूळ मापाच्या आठवणीनं. कारखान्यात प्लॅस्टिकवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याच्या रेणूंची आपसात गाठ मारतात, मग गरम करून नळी फुगवतात आणि तशीच थंड करतात. आपण उष्णता दिली की ती परत जुन्या अंगावर येते. पॉल कुक यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात काढलेल्या रेकेम कंपनीनं हा धंदा उभा केला. नळी सोल्डरच्या आधी वायरीत ओवून लांब सरकवून ठेवायची, एवढंच पथ्य.

जाता जाता

आर्डुइनो ऊनोच्या एका बाजूच्या दोन सॉकेटांमधलं अंतर ०.१ इंचाच्या पटीत नाही, ०.१६ इंच आहे. आराखड्यातली जुनी चूक, पण तोवर इतक्यांनी त्यावर बोर्ड बनवले की ती तशीच ठेवावी लागली.

आजच्या बहुतेक सर्वो मोटरींत तीन वायरींपैकी मधली अधिकची असते. प्लग उलटा लागला तर मोटर हलत नाही, पण जळतही नाही.

रंगीत रिबनमधल्या वायरींचा क्रम रेझिस्टरच्या पट्ट्यांचाच: पहिली तपकिरी, दुसरी लाल, दहावी काळी. रंग पाठ असतील तर पिन मोजावी लागत नाही. करड्या रिबनची लाल कड म्हणजे पिन नंबर एक.

बीबीसीनं २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना मायक्रोबिट हा छोटा बोर्ड वाटला, त्याच्या कडेला मोठाली पाच भोकं आहेत. क्रोकोडाइल क्लिप लावा नाहीतर बनाना पिन घाला, दोन्ही चालतात.

भंगारात देण्याआधी

उत्तम कनेक्टरांची खाण आपल्याच माळ्यावर पडलेली असते. जुना प्रिंटर, डीव्हीडी ड्राइव्ह, डेस्कटॉपचा डबा. त्यातल्या वायरी बहुधा खऱ्या तांब्याच्या असतात आणि क्रिंप कारखान्यातले. डब्याच्या पुढच्या बटणांपासून येणाऱ्या वायरींच्या टोकाला बर्गच्या पिनांवर बसणारी तयार घरं मिळतात. घरी काही नसेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मायक्रोवेव्ह आणि जुने डब्यासारखे टीव्ही मात्र उघडू नका. प्लग काढला तरी त्यांत जीवघेणा विद्युत दाब साठून राहतो.

बाकी यंत्रं प्लग काढून, जपून खोला. वायर कापताना कनेक्टरपासून लांबच्या टोकाला कापा, म्हणजे जोडायला हातभर शेपटी उरेल. आणि बोर्डवरचा त्याचा जोडीदारही सोल्डर वितळवून काढून त्याच पुडीत ठेवा. तेवढ्याच अंतराचा आणि तशाच खाचेचा दुसरा बाजारात सहसा मिळत नाही.